‘नाही’ म्हटलं तर काय उरतं, ते आधी पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत राहणाऱ्या एका मराठी जोडप्याला नुकतंच अमेरिकेचं नागरिकत्व मिळालंय. पहिली मतपत्रिका घरी येईल. तिच्यात उमेदवारांच्या नावांखेरीज पाण्यासाठीचे कर्जरोखे, प्लॅस्टिक, वणवे, पेट्रोलवरचा भार अशा विषयांवर ‘हो’ की ‘नाही’ असं थेट विचारलेलं असतं, आणि सोबतची पुस्तिका चांगली जाडजूड असते. इथले लोक हे कशावरून ठरवतात, आणि आपण कसं ठरवावं, असं त्यांनी विचारलंय.

आधी लोकांचं. ज्याला पर्यावरणाची काळजी तो ‘हो’ म्हणतो, नाही तो ‘नाही’ म्हणतो, असा सरळ हिशेब मांडला तर तो हमखास चुकतो. वॉशिंग्टन राज्यात २०१६ मध्ये कार्बन कराचा प्रस्ताव आला. हवेत सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या टनाला १५ डॉलरपासून सुरुवात, पुढच्या वर्षी २५, आणि बदल्यात विक्रीकरात एका टक्क्याची कपात. ५९ टक्क्यांनी तो नाकारला. २०१८ मध्ये दुसरा आला, पुन्हा टनाला १५ डॉलर, पण आता करकपात नाही, पैसा स्वच्छ ऊर्जा, जंगल आणि पाण्याच्या कामांना. तोही जवळपास ५७ टक्क्यांनी पडला. मग २०२१ मध्ये विधिमंडळानेच कायदा करून उत्सर्जनावर मर्यादा घातली, २०२३ पासून परवान्यांचे लिलाव सुरू झाले. यामुळे पेट्रोल महागलं असा प्रचार करत २०२४ मध्ये हा कायदा रद्द करायचा प्रस्ताव आणला गेला. तो ६२ टक्क्यांनी पडला.

आठ वर्षांत राज्य तेच, मतदार बऱ्याच अंशी तेच, मुद्दाही तोच. तिन्ही वेळा उत्तर ‘नाही’. पहिल्या दोन वेळा त्या ‘नाही’ने कार्बनची किंमत अडवली, तिसऱ्या वेळी वाचवली. लोकांची मतं या काळात थोडी बदलली असतील, पण २०२४ मध्ये ‘नाही’ म्हणजे ‘चाललंय ते चालू दे’ होतं, हा फरक फार मोठा. शिवाय त्या वेळी मतपत्रिकेवरच एक ओळ छापलेली होती : हा प्रस्ताव संमत झाला तर वाहतूक, स्वच्छ हवा, नवीकरणीय ऊर्जा अशा कामांचा निधी कमी होईल. करकपात किंवा शुल्ककपात मागणाऱ्या प्रस्तावांना अशी ओळ लावण्याचा नियम तिथे २०२२ मध्ये झाला होता.

मतदाराला शंका आली की हात ‘नाही’कडे जातो. म्हणून कुठल्याही प्रस्तावाबद्दल पहिला प्रश्न हाच : आज काय आहे, आणि ‘नाही’ जिंकलं तर काय उरणार?

यात घोटाळा होतो तो सार्वमताच्या प्रकारात. कॅलिफोर्नियात सह्या गोळा करून दोन गोष्टी करता येतात. एक म्हणजे नवा कायदा सुचवणं, दुसरी म्हणजे विधिमंडळाने नुकताच केलेला कायदा अडवून तो लोकांपुढे आणणं. दुसऱ्या प्रकारात कायदा होऊन ९० दिवसांच्या आत सह्या पुऱ्या कराव्या लागतात आणि मतदान होईपर्यंत तो कायदा लागूच होत नाही. एकदाच वापरायच्या प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी घालणारा २०१४ चा कायदा पिशव्या बनवणाऱ्या उद्योगाने असाच अडवला आणि तो २०१६ मध्ये प्रॉप ६७ (प्रॉप म्हणजे प्रपोझिशन, मतपत्रिकेवरचा राज्याचा प्रस्ताव) म्हणून मतदानाला आला. तिथे ‘हो’ म्हणजे बंदी राहू द्या. विरोधात सह्या गोळा करणाऱ्यांना जिंकायला ‘नाही’ हवं होतं. आपल्याकडच्या दारूबंदीच्या मतदानात आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. चित्रामुळे गोंधळ कमी होतो. इथे तेवढीही सोय नव्हती. आता २०२३ च्या दुरुस्तीनंतर अशा प्रस्तावांवर ‘कायदा ठेवा’ किंवा ‘कायदा रद्द करा’ असे पर्याय छापायचे ठरलंय. मात्र ही सोय फक्त या दुसऱ्या प्रकाराला आहे. बाकी सगळीकडे ‘हो’ आणि ‘नाही’च.

आणि अडवण्याचा हेतू दर वेळी जिंकण्याचाच असतो असंही नाही. घरं, शाळा, दवाखान्यांपासून ३,२०० फुटांच्या आत नव्या तेलविहिरींना मनाई करणारा २०२२ चा कायदा तेल उद्योगाने सह्या गोळा करून रोखला. २०२४ च्या जूनमध्ये त्यांनी प्रस्ताव मागे घेतला, मतदान झालंच नाही. पण दरम्यान दीडेक वर्ष कायदा कागदावरच राहिला. रस्त्यावर, दुकानाच्या दारात कुणी सही मागायला आलं तर हे लक्षात असू द्या. सही म्हणजे मत नव्हे हे खरं, पण सहीचेही परिणाम असतात.

प्रस्ताव समजून घ्यायला सामान्य मतदाराकडे वेळ नसतो, आणि त्यात काही लाज वाटण्यासारखं नाही. तो खुणांवरून ठरवतो : कोण बाजूने, कोण विरोधात. आर्थर लुपिया या राज्यशास्त्रज्ञाने १९९४ मध्ये याचा छान अभ्यास मांडला. १९८८ साली कॅलिफोर्नियात विम्यावरचे पाच प्रस्ताव एकाच मतपत्रिकेवर होते, भलतेच किचकट. ज्यांना तपशील फारसा माहीत नव्हता पण विमा कंपन्या कुठल्या बाजूला आहेत एवढं माहीत होतं, त्यांचं मतदान सगळं वाचलेल्या लोकांसारखंच निघालं. पर्यावरणाच्या प्रस्तावांत ही खूण आणखी जोरात चालते. २०१० मध्ये प्रॉप २३ ने हवामानबदलाचा २००६ चा राज्य कायदा स्थगित करायची मागणी केली. त्या वेळी कॅलिफोर्नियात बेरोजगारी १२ टक्क्यांवर होती. नोकऱ्यांच्या भीतीने लोक ‘हो’ म्हणतील असा अंदाज होता. विरोधकांनी एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगितली : या प्रस्तावामागे टेक्सासच्या तेल कंपन्या आहेत. व्हॅलेरो आणि टेसोरो हे त्याचे मोठे देणगीदार होतेच. ६१ टक्क्यांहून अधिक मतांनी प्रस्ताव पडला.

खूण उलटीही लागते. २०२२ चा प्रॉप ३० दिसायला हिरवागार होता. २० लाख डॉलरांवरच्या उत्पन्नावर पावणेदोन टक्के जादा कर, पैसा विजेच्या गाड्यांना आणि वणवे रोखायला. त्याचा मुख्य देणगीदार लिफ्ट ही टॅक्सी-ॲप कंपनी होती, आणि अशा कंपन्यांना २०३० पर्यंत आपला ९० टक्के प्रवास विजेच्या गाड्यांनी करायचा राज्याचा नियम आधीच लागू होता. गव्हर्नर न्यूसम यांनी स्वतःच्या पक्षाच्या विरोधात जाऊन जाहिरातीत हेच बोट दाखवलं. ५७ टक्क्यांहून अधिक लोक ‘नाही’ म्हणाले. माझ्या मते गव्हर्नरांचा मुद्दा अर्धाच होता. कंपनीचा फायदा होतो म्हणून लोकांचा होत नाही असं नसतं. पण महिनाभरात मतदारापर्यंत पोचायला अर्धा मुद्दा पुरतो.

पैशाबद्दल लोकांचा समज असा की ज्याच्याकडे जास्त तो जिंकतो. नीट पाहिलं तर पैसा एका बाजूला जास्त चालतो. सरकारी वीजसेवा सुरू करायला स्थानिक मतदारांच्या दोन तृतीयांश मतांची अट घालू पाहणाऱ्या २०१० च्या प्रॉप १६ वर पीजी अँड ई या वीज कंपनीने ‘हो’साठी एकटीने साडेचार कोटी डॉलरांहून अधिक ओतले, समोर जवळपास कुणी खर्च करणारं नव्हतं, तरी प्रस्ताव पडला. २०१२ चा प्रॉप ३७, जनुकीय बदल केलेल्या अन्नावर लेबल लावण्याचा, सप्टेंबरपर्यंत पाहण्यांत आरामात पुढे होता. बियाणं आणि खाद्य कंपन्यांनी ‘नाही’साठी जवळपास तेवढीच रक्कम लावली आणि तो ५१.४ विरुद्ध ४८.६ असा पडला. ‘हो’ विकत घेणं अवघड असतं, कारण त्यासाठी माणसाला पटवावं लागतं. ‘नाही’साठी त्याच्या मनात नुसती शंका पेरली तरी भागतं. म्हणून उन्हाळ्यातल्या पाहणीत एखाद्या प्रस्तावाला ५५ टक्के पाठिंबा दिसत असेल आणि विरोधात मोठा पैसा येणार असेल, तर तो पडणार असं धरून चालावं. पाठिंबा मोहिमेत घसरतो, चढतो क्वचित.

आता खिसा. पर्यावरणासाठी पैसा तीन वाटांनी मागितला जातो, आणि मतदार या तिन्हींकडे वेगवेगळ्या नजरेने पाहतो. पेट्रोलवरचा भार सगळ्यात नावडता, कारण तो दर आठवड्याला पंपावर दिसतो. गणित फार मोठं नसतं. एक गॅलन पेट्रोल जळलं की सुमारे ८.९ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे टनाला १५ डॉलर दर असेल तर गॅलनमागे १३ सेंट, २५ डॉलर असेल तर २२ सेंट. प्रचारात कुणी याहून बराच मोठा आकडा सांगितला तर तो कुठल्या वर्षाचा आणि कुठल्या दराचा, ते विचारा. दुसरी वाट श्रीमंतांवरच्या कराची. ती ऐकायला सोपी, पण प्रॉप ३० चं काय झालं ते वर सांगितलंच.

तिसरी वाट कर्जरोख्यांची, आणि तीच सगळ्यात जास्त वेळा पार पडते, कारण आज कुणाच्याच खिशातून काही जाताना दिसत नाही. २०२४ च्या प्रॉप ४ ने पाणी, वणवे आणि हवामानाच्या कामांसाठी १० अब्ज डॉलरांचं कर्ज मंजूर करून घेतलं, जवळपास ६० टक्के मतांनी. पुस्तिकेतला परतफेडीचा अंदाज होता वर्षाला ४० कोटी डॉलर, ४० वर्षं. गुणाकार करा : १६ अब्ज. म्हणजे एका डॉलरच्या कामाला १ डॉलर ६० सेंट. म्हणून ‘नाही’ म्हणा असं नव्हे. धरणाची दुरुस्ती किंवा पाण्याचं पुनर्भरण चाळीस वर्षं टिकणार असेल तर चाळीस वर्षांचं कर्ज योग्यच. पण झुडपं साफ करण्यासारखं दोन-चार वर्षांनी पुन्हा करावं लागणारं काम चाळीस वर्षांच्या कर्जातून करणं म्हणजे किराणा घराच्या कर्जातून भरणं. रकमेची वाटणी कशी आहे, हे पाहायचं ते यासाठी.

कर्जरोख्यांतही लोक डोळे मिटून ‘हो’ म्हणत नाहीत. २०१८ च्या जूनमध्ये ४ अब्जांचा प्रॉप ६८ सहज पार झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ८.८८ अब्जांचा प्रॉप ३, तोही पाण्याचाच, थोडक्यात पडला. तो विधिमंडळातून आलेला नव्हता, सह्यांतून आलेला होता. त्यात सॅन वाकीन खोऱ्यातल्या फ्रायंट-कर्न कालव्याच्या दुरुस्तीला ७५ कोटी डॉलर थेट नेमून दिलेले होते. जमिनीखालचं पाणी उपसून उपसून जमीन खचली आणि कालवा बसला. मग दुरुस्ती सगळ्या राज्याने का करायची, असा सवाल आला. सिएरा क्लबसारखी पर्यावरण संघटनाही विरोधात गेली. पाण्याच्या प्रस्तावात पाणी कुठे मुरतंय हे शब्दशः पाहावं लागतं.

स्थानिक पातळीवरच्या प्रस्तावांत किती मतं लागतात याची अट वेगळी असते. सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठची दलदल पुन्हा जिवंत करायला २०१६ मध्ये नऊ काउंट्यांत (जिल्ह्यांसारख्या विभागांत) मिळून ‘मेझर एए’ हा प्रस्ताव आला : दर मालमत्तेमागे वर्षाला १२ डॉलर, २० वर्षं. अशा करासाठी साधं बहुमत नव्हे, दोन तृतीयांश मतं लागत होती. ती मिळाली, सुमारे ७० टक्के. राज्याच्या प्रस्तावात ५२ टक्के म्हणजे विजय, अशा प्रस्तावात ६५ टक्के म्हणजे पराभव. अट किती, हे मतपत्रिकेवर न दिसल्यास काउंटीच्या पुस्तिकेत वकिलाच्या टिपणीत सापडतं.

एक गोष्ट लोक विसरतात : प्रस्ताव एकटा येत नाही. १९९० च्या नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतपत्रिकेवर २८ प्रस्ताव होते. त्यात ‘बिग ग्रीन’ म्हणून ओळखला गेलेला प्रॉप १२८ कीटकनाशकं, जंगल, तेलगळती, हरितगृह वायू असं सगळं एकाच पोत्यात भरून आला. शेजारी जंगलांसाठीचा प्रॉप १३०, शिवाय कीटकनाशक आणि लाकूड उद्योगांनी पुढे केलेले प्रतिस्पर्धी प्रस्ताव. गोंधळलेल्या मतदाराने हे सगळेच पाडले. स्वित्झर्लंडमध्ये १३ जून २०२१ ला याहून बोलकं घडलं. त्या दिवशी कार्बन डायऑक्साइडच्या कायद्याबरोबर कीटकनाशकांविरुद्धचे दोन प्रस्तावही होते. ते पाडायला शेतकरी वर्ग मोठ्या संख्येने बाहेर पडला आणि जाताजाता कार्बनच्या कायद्यालाही ‘नाही’ म्हणून आला. तो कायदा ५१.६ टक्क्यांनी पडला. दोन वर्षांनी नवा हवामान कायदा आला, नवे कर नाहीत, उलट घर गरम ठेवणारी तेलावरची यंत्रं बदलायला मदत, आणि त्याला ५९ टक्के ‘हो’ मिळाले.

तुम्ही कसं ठरवावं, याकडे येतो. एका प्रस्तावाला पाऊण तास धरा. पुस्तिका पहिल्या पानापासून वाचू नका. आधी लेजिस्लेटिव्ह ॲनॅलिस्ट या निःपक्ष कार्यालयाने लिहिलेलं विश्लेषण काढा आणि त्यातला पार्श्वभूमीचा भाग वाचा. आजचा कायदा काय, आज या कामावर किती खर्च होतो, हे तिथे असतं. ते न वाचता प्रस्ताव वाचणं म्हणजे जुना सातबारा न पाहता जमीन घेणं. मग त्यांचाच खर्चाचा अंदाज. शीर्षक आणि सारांश ॲटर्नी जनरलच्या कार्यालयातून येतात. सारांशाला १०० शब्दांची मर्यादा असते, मतपत्रिकेवर तर ७५ शब्दच उरतात. हे पद निवडून येणाऱ्या राजकारण्याचं असतं आणि त्या शब्दांवरून कोर्टकचेऱ्या होतात. म्हणून केवळ ७५ शब्दांवर मत देऊ नका.

बाजूने आणि विरोधात लिहिलेली मतं मग वाचा, पण ही मतं कुठल्याही सरकारी कार्यालयाने तपासलेली नसतात, तसं तिथे छापलेलंच असतं. वाचायची युक्ती सांगतो. मूळ मताला समोरच्याने दिलेलं प्रत्युत्तर शेजारी ठेवा आणि कुठल्या मुद्द्याला उत्तरच दिलेलं नाही ते शोधा. तो मुद्दा बहुधा खरा असतो.

शेवटी प्रस्तावाचा मूळ मजकूर. सगळा नाही, चार जागा. पहिली व्याख्या. २०१६ मध्ये टिकवलेल्या पिशवीबंदीत ‘पुन्हा वापरता येणारी’ म्हणून जाड प्लॅस्टिकची पिशवी चालत होती. लोकांनी तीही एकदाच वापरून टाकली, कचऱ्याचं वजन वाढलं आणि ती पळवाट बुजवायला २०२४ मध्ये नवा कायदा करावा लागला. बंदी फसली ती व्याख्येत. दुसरी जागा अटी आणि मुदती. प्रॉप २३ म्हणत होता की बेरोजगारी सलग चार तिमाह्या ५.५ टक्के किंवा कमी होईपर्यंतच स्थगिती. ऐकायला तात्पुरती. विश्लेषणात लिहिलं होतं की १९७० नंतर असे फक्त तीनच कालखंड आले. तिसरी जागा पैशाची : नवा निधी जुन्या निधीत भर घालणार की त्याच्या जागी येणार? तसं स्पष्ट बंधन नसेल तर विधिमंडळ जुना निधी दुसरीकडे वळवू शकतं आणि कामाची बेरीज होती तेवढीच राहते.

चौथी जागा बहुतेक लोक वाचतच नाहीत, दुरुस्तीचं कलम. कॅलिफोर्नियात सह्यांतून आलेला आणि लोकांनी संमत केलेला कायदा विधिमंडळाला एकट्याने बदलता येत नाही, प्रस्तावातच तशी मुभा असल्याशिवाय. पुन्हा लोकांकडे जावं लागतं. म्हणजे चुकीचा एक शब्द दशकानुदशकं चिकटून राहतो. १९८६ च्या मूळ प्रॉप ६५ ने, ज्याच्यामुळे कॅलिफोर्नियात कॉफीच्या दुकानापासून पार्किंगपर्यंत कर्करोगाच्या इशाऱ्याच्या पाट्या दिसतात, दोन तृतीयांश मतांनी आणि कायद्याच्या हेतूला धरून दुरुस्तीची मुभा ठेवली होती. हेतू चांगला पण दुरुस्तीची वाटच नाही, असा प्रस्ताव दिसला तर मी ‘नाही’कडे झुकेन आणि तोच विषय विधिमंडळातून येण्याची वाट पाहीन.

देणगीदार पाहायला दहा मिनिटं पुरतात. १० लाख डॉलरांहून अधिक जमवणाऱ्या समित्यांच्या पहिल्या दहा देणगीदारांची यादी राज्याचा राजकीय आचार आयोग प्रसिद्ध करतो. समितीच्या नावावर जाऊ नका. ‘स्वच्छ’, ‘हरित’, ‘परवडणारं’ हे शब्द नावात कुणीही घालतं.

एवढं करूनही एखाद्या प्रस्तावाचं काहीच कळलं नाही तर ती जागा कोरी सोडा. त्याने बाकीची मतपत्रिका बाद होत नाही. घरातल्या ज्येष्ठांना इंग्रजी जड जात असेल तर राज्याची पुस्तिका हिंदीत मागवता येते, मराठीत निघत नाही. आणि पोस्टाने मत देणार असाल तर पाकिटावरची सही नोंदणीच्या नोंदींतल्या सहीशी ताडून पाहतात. तिथे इंग्रजीत सही केली असेल आणि पाकिटावर सवयीने देवनागरीत झाली, तर काउंटीकडून खुलासा मागणारं पत्र येईल. ते केराच्या टोपलीत जाऊ देऊ नका.